वाटेचा हिशेब

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे काशी-रामेश्वर, हिमालय, फार तर विलायत, अशी आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. तेव्हा नवी मुंबईचे प्रवासवर्णन लिहावयास घेतलेले पाहून पुष्कळ वाचकांस हसू येईल. यात्रेकरूने मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे क्षेत्र तेथे नाही. 'आमचा भाचा तिकडे बिऱ्हाड करून आहे' यापलीकडे त्या नगराशी बहुतेकांचा संबंध येत नाही. तथापि 'मार्ग' या एका वस्तूचे ज्यास कुतूहल आहे, त्याने तेथे एक दिवस अवश्य घालवावा, असे माझे मत झाले आहे. धातुपाठात 'मार्ग्' हा धातू अन्वेषण, म्हणजे शोध, या अर्थी दिलेला आहे. वाट आधी असते आणि मग आपण तीवरून चालतो, असे आपण समजतो. शब्द मात्र सांगतो की शोध आधी व वाट मागून. हा शोध माणसे कसा करतात आणि सांप्रत यंत्रे कसा करू लागली आहेत, हे दोन्ही त्या एका नगरात पाहावयास मिळते.

त्या नगराचा जन्मही वाटेच्या विचारातूनच झाला. मूळ मुंबई म्हणजे समुद्रात शिरलेली एक चिंचोळी पट्टी. सकाळी सारी माणसे दक्षिणेकडे आणि सायंकाळी सारी उत्तरेकडे, असा तिचा क्रम. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली. ती १९६५ साली ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, त्याचे नावही योगायोगाने 'मार्ग' हेच होते. १९७० च्या मार्च महिन्यात 'सिडको' हे महामंडळ स्थापन झाले आणि ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर नव्या शहराचे रेखाटन सुरू झाले. इतर शहरांत माणसे आधी येतात व त्यांच्या पायांनी वाटा पडतात. येथे वाटा आधी कागदावर पडल्या आणि माणसे मागून यावयाची होती.

माझा पहिला मुक्काम तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजारात झाला. मुंबईतील दाटीच्या वस्तीतून कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळे व भाजीपाला यांचे घाऊक बाजार १९८० नंतरच्या काळात एकेक करून येथे आणले गेले. पहाटेच्या सुमारास भाजीच्या बाजारात उभे राहिले असता प्रथमदर्शनी केवळ गोंधळ दिसतो. ट्रक मागे सरत असतात, हातगाड्या आडव्या येतात, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल धावत असतात. परंतु अर्धा घटका एका खांबाला टेकून पाहिले म्हणजे ध्यानात येते की येथे कोणी कोणावर आदळत नाही. ज्याच्या डोक्यावर ओझे आहे तो थांबत नाही. रिकामा हमाल भरलेल्यास वाट देतो, रिकामी हातगाडी भरलेल्या हातगाडीस वाट देते. आणि ग्राहक, मग तो कितीही मोठा असो, सर्वांना वाट देतो. हा नियम कोठेही लिहिलेला नाही. लादलेल्या मनुष्यास एकदा थांबविले म्हणजे त्याला पुन्हा चालते करण्यास किती श्रम पडतात, हे तेथील प्रत्येकाच्या मानेला ठाऊक आहे.

हे पाहताना मला मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाचे स्मरण झाले. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज कोणीही विचारी मनुष्य मान्य करणार नाही. पण रस्त्यावर वाट कोणी कोणास द्यावी, याचा एक बारीक विचार तेथे केलेला आहे. वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला वर, इतक्यांना इतरांनी वाट द्यावी. आणि हेच सर्व एके ठिकाणी एकमेकांसमोर आले तर? तर राजा व स्नातक यांना मान द्यावा. आणि त्या दोघांचीच गाठ पडली तर राजाने स्नातकास वाट द्यावी. नियम करून शास्त्रकार स्वस्थ बसले नाहीत. दोन नियम एकमेकांस अडले तर काय करावे, हेही त्यांनी सांगून ठेवले. या यादीत राजाच्या बरोबरीने भार वाहणाराही बसला आहे, ही गोष्ट वाचकांनी पुढील मजकुरासाठी ध्यानात ठेवावी.

तेथून मी लोकल गाडीने बेलापुरास गेलो. कोकण रेल्वेचे मुख्य कार्यालय बेलापूर भवनात आहे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरांचा हा लोहमार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग सुरू झाला. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ साली दुहेरी झाला. बाकीचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. गणपतीस कोकणात जाणाऱ्या कोणासही या एकेरी मार्गाचा अनुभव सांगावयास नको. मध्येच एखाद्या लहान स्थानकावर गाडी उभी राहते. चढावयास कोणी नाही, उतरावयास कोणी नाही. मुले कंटाळतात, आजोबा घड्याळ काढतात, आणि कोणी तरी रेल्वेच्या कारभारावर टीका सुरू करतो. इतक्यात समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते आणि मग आपली गाडी हलते. आपण त्यास खोळंबा म्हणतो. वेळापत्रक आखणाऱ्याच्या लेखी मात्र तो खोळंबा नसून मार्गाचाच एक भाग असतो. कोठे थांबावयाचे हे ठरल्यावाचून एकेरी वाटेवर चालणेच शक्य नाही.

बेलापूर-नेरूळकडून उरणकडे जाणारी लोकल १२ जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत धावू लागली आहे. दुतर्फा खारफुटीची झाडी, मध्ये मध्ये पाण्याची डबकी, आणि दूरवर बंदरातील यारींची उंच मस्तके. न्हावा-शेवा या नावाचेच स्थानक आता या मार्गावर आहे. येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ या वर्षी वीस फुटी पेटीच्या मापाने सुमारे ७३ लाख पेट्यांची ने-आण येथून झाली. परवान्यावाचून आत जाता येत नाही. पण बाहेरच्या रस्त्यावरून ट्रेलरांच्या रांगा व पेट्यांच्या थप्प्या दिसतात, तेवढ्याने काम भागते.

या लोखंडी पेटीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. आजचा पेटीचा व्यापार तेथून धरतात. पोते, पिंप, खोके हे सारे एका मापाच्या पेटीत गेले, आणि माल कोणता हा प्रश्न गौण होऊन पेटी कोठे ठेवावी व कोणत्या वाटेने न्यावी हा मुख्य झाला. आपल्या घरात माळ्यावर ट्रंका रचलेल्या असतात. लग्नाचे शालू नेमके सर्वांत खालच्या ट्रंकेत असतात आणि त्यांसाठी वरच्या तीन ट्रंका उतराव्या लागतात. बंदरात हीच अडचण हजारपट होते. म्हणून कोणती पेटी आधी जावयाची हे पाहून थप्पी लावणे, आणि कोणत्या ट्रेलरने कोणत्या ओळीस जावे हे सांगणे, ही कामे आता संगणक करतो. मी पाहिलेल्या ट्रेलरांवर चालक बसलेले होते. परंतु हॉलंडमधील रॉटरडॅम बंदरात १९९३ पासूनच पेट्या वाहणाऱ्या गाड्या चालकावाचून फिरत आहेत.

अशा चालकावाचून चालणाऱ्या गाड्या मला अखेर पाहावयास मिळाल्या त्या पनवेलच्या बाजूच्या एका वखारीत. माझा एक जुना विद्यार्थी तेथे काम करतो. त्याच्या खटपटीने प्रवेश मिळाला. वखार म्हणजे पोती, उंदीर व काळोख, ही माझी समजूत. येथे शाळेच्या क्रीडांगणाहून मोठी, स्वच्छ, सपाट फरशी होती आणि तीवर सारख्या अंतराने लहान लहान चौकोनी खुणा चिकटविलेल्या होत्या. मालाची कपाटे उभी होती; आणि गुडघ्याइतकीही उंची नसलेल्या, पाटासारख्या बसक्या गाड्या त्यांच्या पोटाखालून सरपटत होत्या. गाडी कपाटाखाली जाते, त्यास किंचित उचलते आणि ते आख्खे कपाट घेऊन कडेला उभ्या असलेल्या कामगाराकडे जाते. कामगार हवी ती वस्तू काढून घेतो. गाडी कपाट परत नेते. पूर्वी मनुष्य मालाकडे चालत जात असे. आता माल मनुष्याकडे चालत येतो. ही युक्ती अमेरिकेत २००३ साली निघालेल्या 'किवा' नावाच्या कंपनीने रूढ केली. अॅमेझॉनने ती कंपनी २०१२ साली साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरांस विकत घेतली, आणि २०२५ साली आपल्या वखारींत दहा लाख यंत्रे झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडेही गुरुग्राम येथे २०११ साली 'ग्रेऑरेंज' ही कंपनी याच उद्योगासाठी निघाली.

गाडीस वाट कशी सापडते, हे मी विचारले. विद्यार्थ्याने कागद पुढे ओढून सांगितले ते येथे थोडक्यात देतो.

एट्सखर डाइक्स्ट्रा हा डच गणिती १९५६ साली अॅमस्टरडॅममध्ये आपल्या वाग्दत्त वधूबरोबर एका कॉफीगृहात बसला असता, रॉटरडॅमहून ग्रोनिंगेन या गावी सर्वांत जवळच्या वाटेने कसे जावे, हा प्रश्न त्याच्या मनात घोळत होता. वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीवाचून, त्याने त्याची रीत काढली. ती १९५९ साली छापून आली. ज्या वर्षी पेट्यांचे पहिले जहाज निघाले, त्याच वर्षी पेट्यांस वाट दाखविणारे गणितही निघाले! रीत अशी: निघण्याच्या गावापासून सर्वांत जवळचे गाव आधी निश्चित करावे, मग त्याहून किंचित दूरचे, मग त्याहून दूरचे, फरशीवर सांडलेले पाणी जसे चहूंकडे सारखे पसरत जाते, तसा हा हिशेब पसरत जातो, आणि इच्छित गावास पोहोचला की सर्वांत जवळची वाट हाती येते. यात दोष इतकाच की उत्तरेस जावयाचे असले तरी पाणी दक्षिणेकडेही पसरते. १९६८ साली हार्ट, निल्सन व राफाएल या तिघा अमेरिकन संशोधकांनी त्यात सुधारणा केली. चालून झालेल्या अंतरात उरलेल्या अंतराचा अंदाज मिळवावा आणि ज्या बाजूस बेरीज कमी येईल ती बाजू आधी तपासावी. पथ्य एकच: अंदाज खऱ्या अंतराहून अधिक असता कामा नये. चौकोनी फरशीवर हा अंदाज सोपा असतो. बुद्धिबळातील हत्तीप्रमाणे आडवी व उभी घरे मोजली की झाले.

"मग एवढ्यावर काम झाले?" मी विचारले.

"नाही सर, हे एकाच गाडीचे झाले. खरी अडचण दुसरी गाडी आली की सुरू होते."

आणि ती अडचण लहान नाही. प्रत्येक गाडीस एका क्षणी पाच गोष्टी करता येतात: चार दिशांपैकी एकीस जाणे किंवा जागीच थांबणे. गाड्या दहाच धरल्या, तरी सर्वांच्या मिळून एका पावलाच्या शक्यता ९७,६५,६२५ होतात. दुसऱ्या पावलास त्या तितक्याच पटींनी वाढतात. वखारीत गाड्या शेकड्यांनी असतात. सर्व शक्यता तपासून सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या नादी लागले तर ग्राहकाची वस्तू त्याच्या नातवास मिळेल! म्हणून व्यवहारी रीती शोधाव्या लागल्या.

पहिली रीत ऐकून मला आनंद झाला, कारण ती मी शाळेत जन्मभर वापरली होती. ती म्हणजे वेळापत्रक. कोणता वर्ग कोणत्या तासास कोणत्या शिक्षकाकडे, याचा जसा तक्ता असतो, तसा कोणते घर कोणत्या क्षणी कोणत्या गाडीचे, याचा एक तक्ता संगणक ठेवतो. पहिल्या गाडीने आपली घरे लिहून टाकली की दुसरीने उरलेल्या घरांतून वाट काढावी. यात पहिला मान कोणास द्यावा हा प्रश्न येतो, आणि तो बहुधा कपाट लादलेल्या गाडीस किंवा ज्या मालाची घाई आहे त्या गाडीस मिळतो. दुसरी रीत पंचाची आहे. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येकीने प्रथम आपली स्वतंत्र वाट काढावी. मग टक्कर कोठे होते ते पाहावे. टक्कर दिसली की पंचाने दोन निवाडे मांडून पाहावे: एकात पहिलीस त्या क्षणी त्या घरात मज्जाव, दुसऱ्यात दुसरीस. ज्या निवाड्यात सर्वांचा मिळून खर्च कमी, तो पुढे चालवावा. याखेरीज बोळ एकदिशा करणे, आणि चार गाड्या चौकात एकमेकींच्या शेपटाशी तोंड लावून कायमच्या अडकणार नाहीत अशी जागा मोकळी राखणे, हेही असतेच.

जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांस हे शास्त्र नवे वाटणार नाही. दगडी जिना अरुंद. दोघे समोरासमोर आले तर एकाने मागे फिरलेच पाहिजे. वर पाण्याचा हंडा घेऊन जाणाऱ्या काकूस खाली येणारा पुतण्या वाट देई. पहाटे विहीर, न्हाणीघर व देवघर यांवर पंधरा माणसांचा पाळीचा तक्ता भिंतीवर न लिहिता चाले. प्रत्येकाने स्वतःपुरती जवळची वाट धरली असती, तर सकाळची पूजा दुपारी झाली असती. एकत्र कुटुंबात कोणास तरी थोडे थांबावे लागते, म्हणूनच सर्वांचे वेळेवर होते. फरक इतकाच की गाडीस मानापमान नाही. तिला दहा वेळा थांबविले तरी ती रुसत नाही. आणि वाड्यात दहा वेळा थांबावे लागे ती बहुधा एकच सून असे, हे आपण कोणी मोजले नाही.

मोजण्याचा प्रश्न मला वखारीतही आडवा आला. कडेला उभ्या असलेल्या एका मुलीपुढे कपाटामागून कपाट येत होते. पडद्यावर गाडीच्या प्रत्येक थांब्याचा हिशेब होता. तो मार्गाचा भाग म्हणून धरलेला. मुलीपुढे मात्र दोन कपाटांमध्ये जो रिकामा क्षण जाई, तो 'वाया' या रकान्यात पडत होता. मी विद्यार्थ्यास म्हटले, "गाडीने थांबणे हा मार्ग, आणि हिने थांबणे हा तोटा, असे कसे?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तिची विश्रांती आम्ही खर्चात धरलेलीच नाही. धरता येईल. एक संख्या घालायची, एवढेच."

त्याच्या या उत्तरात सर्व विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. यंत्र स्वल्प खर्चाची वाट काढते. पण खर्च कशास म्हणावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते हिशेब मांडणारा मनुष्य ठरवितो. जे त्याने धरले नाही ते यंत्राच्या दृष्टीस रिकामे घर असते, आणि रिकाम्या घरातून वाट काढावयास त्यास काहीच वाटत नाही.

नवी मुंबईची भूमी याची साक्ष देते. न्हावा-शेव्याच्या वाटेवर जासई गाव लागते. कागदावर वाटा पडल्या त्या जागा रिकाम्या नव्हत्या. तेथे आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरे व मासेमारी होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये या परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच माणसे मरण पावली. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याचे धोरण आले. नकाशा काढणारे दुष्ट होते असे नव्हे. ते आपल्या काळातील अत्यंत बुद्धिमान व सद्हेतूचे लोक होते. पण जी संख्या प्रथमच धरावयाची, ती पुढे रक्त सांडल्यावर धरावी लागली.

तुर्भ्याच्या बाजारातील हमालांचेही असेच आहे. त्यांना 'माथाडी' म्हणतात, कारण ते माथ्यावर भार वाहतात. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्याने त्यांच्या कामाची नोंद, मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांची मंडळांमार्फत व्यवस्था लावली. त्यापूर्वी दिवसभर ओझे वाहणारा हा मनुष्य कोणाच्याच वहीत नव्हता. आता ओझे वाहणाऱ्या गाड्या आल्या आहेत. पाठीचा कणा झिजविणारे काम यंत्राने करावे, यात वाईट काही नाही. कोणत्याही हमालाची आपल्या मुलानेही पोतीच वाहावी अशी इच्छा नसते. परंतु त्याच्या माथ्यावरील भार उतरविताना त्याच्या चुलीचा हिशेबही त्याच तक्त्यात मांडला पाहिजे. तो मागाहून मांडू म्हटले तर काय होते, हे जासईने दाखविले आहे.

आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली आज हेच गणित मांडण्याच्या उद्योगात आहेत. पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत बसून ती यंत्रांच्या वाटा आखतात. सुटीत ती घरी आली म्हणजे आपण त्यांना पगार विचारतो. त्याबरोबर एवढेही विचारावे, की तुमच्या तक्त्यात आधी वाट कोणास मिळते, आणि ज्यांना थांबावे लागते त्यांचे थांबणे कोणत्या रकान्यात पडते? ओझे वाहणाऱ्यास वाट द्यावी हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. तो नव्या वखारीच्या हिशेबात घालणे कठीण नाही. माझा विद्यार्थी म्हणाला त्याप्रमाणे, एक संख्या घालावयाची आहे. निघताना मी त्यास त्या मुलीची संख्या घालून पाहावयास सांगितले आहे. त्याने पुढील महिन्यात पत्राने कळवितो म्हटले आहे.